न फिरणारा चेंडू

बेसबॉलचा चेंडू हातात घेतला की डोळ्यांच्या आधी बोटांना कळते ती त्याची शिवण. पांढऱ्या कातड्याचे दोन तुकडे एकमेकांना बिलगलेले, आणि त्यांना सांधणारे लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. क्रिकेटच्या चेंडूची शिवण सरळ, एका वर्तुळात जाते. ही मात्र वळत वळत, नदीने गावाला वळसा घालावा तशी, साऱ्या गोलाभोवती फिरून पुन्हा स्वतःला येऊन मिळते. अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावर, मेजर लीगमध्ये, खेळले जाणारे चेंडू कोस्टा रिकातल्या तुरियाल्बा नावाच्या गावात आजही माणसांच्या हातांनी शिवले जातात. ज्यांनी हे टाके घातले ते हात आपल्याला कधी दिसत नाहीत. आपण पाहतो तो माउंडवर, मातीच्या त्या लहानशा उंचवट्यावर, एकटा उभा असलेला पिचर. चेंडू पाठीमागे लपवून तो बोटांनी ती शिवण चाचपत असतो. कुठल्या टाक्यावर कुठले बोट ठेवायचे, किती दाब द्यायचा, अंगठा कुठे दडवायचा, यातच त्याची सारी विद्या असते. ही विद्या लिहून ठेवता येत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. ती कुणीतरी आपला हात दुसऱ्याच्या हातावर ठेवूनच द्यावी लागते. आणि म्हणूनच की काय, या खेळाच्या इतिहासात पिचरांची घराणी सापडतात तेव्हा मी तिथे जरा जास्त वेळ रेंगाळतो.

ओहायो राज्याच्या पूर्व कडेला, ओहायो नदीच्या खोऱ्यात लान्सिंग नावाचे एक छोटे गाव आहे. नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियातले व्हीलिंग शहर, आणि आजूबाजूच्या टेकड्यांच्या पोटात कोळसा. या गावात फिल निक्रो नावाचा एक खाणकामगार राहत होता. त्याचा थोरला मुलगा १९३९ साली जन्मला, त्याचेही नाव फिलच. धाकटा जो त्याच्याहून साडेपाच वर्षांनी लहान. खाणीतली पाळी संपली की बाप घरी यायचा आणि अंगणात मुलाबरोबर चेंडू फेकत बसायचा. दिवसभर जमिनीखाली राहिलेल्या माणसाला संध्याकाळच्या त्या उरल्यासुरल्या उजेडाचे काय मोल वाटत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्यातला अर्धा तास त्याने झोपेला दिला असता तरी कुणी नावे ठेवली नसती. त्याने तो चेंडूला दिला.

हा बाप स्वतः पिचर होता. खाणकामगारांच्या संघातून खेळायचा, आणि तरुणपणी त्याचा चेंडू वेगवान होता. मग त्याचा हात दुखावला. वेग गेला तो गेलाच. ज्या माणसाची सगळी मिरासदारी खांद्यातल्या जोरावर उभी असते, त्याचा खांदा निकामी झाला की खेळ तिथेच संपायचा. पण खाणीतल्याच एका सोबत्याने त्याला एक वेगळी पकड दाखवली. चेंडू तळहातात न धरता बोटांच्या टोकांनी, नखे शिवणीजवळ कातड्यात रुतवून धरायचा, आणि फेकताना मनगट न वळवता नुसता ढकलून द्यायचा. याला नकलबॉल म्हणतात. जोर लागत नाही, वेग नसतो. दुखऱ्या हाताच्या माणसालाही हा चेंडू टाकता येतो.

या चेंडूचे सारे रहस्य त्याच्या न फिरण्यात आहे. एरवी पिचर चेंडूला गरगर फिरवतो, आणि त्या फिरण्यामुळेच चेंडू ठरलेल्या दिशेला वळतो, पडतो किंवा तरंगतो. नकलबॉल मात्र माउंडपासून बॅटरपर्यंतच्या साठ फूट सहा इंचांच्या वाटेत जेमतेम एखादा वळसा घेतो. मग ती लाल शिवण हवेसमोर आळसावल्यासारखी हळूहळू बाजू बदलत राहते; एका क्षणी वारा या बाजूने अडतो, दुसऱ्या क्षणी त्या बाजूने, आणि चेंडूवरचा दाब दर क्षणी वेगळ्याच दिशेने ढकलत जातो. वैशाखातल्या वाऱ्यावर सावरीच्या बोंडातून सुटलेली म्हातारी जशी हाताशी येता येता बाजूला सरकते, तसे काहीसे हे दिसते. उत्तम वेगवान चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जात असेल, तर हा शंभरएक किलोमीटरने रमतगमत येतो. तरीही मोठमोठे बॅटर त्याच्यापुढे हवेत बॅट फिरवून थकतात. तो कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते, मग झेलणाऱ्याला कुठून असणार! त्यासाठी कॅचर मुद्दाम मोठा हातमोजा वापरतात. १९६७ साली अटलांटा ब्रेव्हज्‌ संघात बापाकडून हीच पकड शिकलेल्या थोरल्या मुलाचे, फिलचे, चेंडू झेलणारा बॉब युकर त्या हंगामात हातातून चेंडू निसटू देणाऱ्या कॅचरांमध्ये नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीत, पहिला होता. आणि त्याच हंगामात फिल सरासरीने सर्वांत कमी धावा देणारा पिचर ठरला, दर नऊ इनिंगांमागे १.८७.

पण मला अंगणाकडेच परत जायचे आहे. बापाने मुलाला दिले ते काय दिले, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपण वारसा म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे सामर्थ्य असते: घर, जमीन, नाव, गळा, बुद्धी. बापाकडे जे भरभरून होते ते मुलाकडे आले, अशी आपली कल्पना. या घरात तसे झालेले नाही. फिलला बापाचा वेगवान चेंडू मिळाला नाही. त्याला मिळाले ते वेग गेल्यानंतर बाप जे शिकला होता ते. हात धड होता तेव्हाची गोष्ट त्या अंगणात आलीच नाही. पोराने ज्या चेंडूवर पुढे उभे आयुष्य काढले, तो मुळात बापाच्या दुखण्यावरचा उपाय होता.

आणि हा उपाय किती टिकला! १९५८ साली ब्रेव्हज्‌नी, तेव्हा हा संघ मिलवॉकीत होता, फिलला ५०० डॉलर देऊन करारबद्ध केले. पुढे बरीच वर्षे तो कनिष्ठ संघांतून भटकत राहिला, आणि मेजर लीगमध्ये त्याचे बस्तान बसले तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्या वयात पुष्कळ पिचरांचे खांदे कुरकुरू लागलेले असतात. फिल त्यानंतर अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. चोवीस हंगाम, ३१८ विजय, आणि त्यांतले १२१ विजय वयाची चाळिशी ओलांडल्यावरचे. ज्या चेंडूत जोर नव्हता, त्याने हाताला कधी थकवलेच नाही.

इथे मला डीन बंधू आठवतात. आर्कान्सातल्या कापूसवेचणीतून वर आलेली ही दोन मुले, डिझी आणि पॉल, १९३४ साली सेंट लुईस कार्डिनल्सकडून खेळत होती. त्या वर्षी डिझीने ३० सामने जिंकले, पॉलने १९, आणि डेट्रॉइटविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमधले, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेतले, चार विजय दोघा भावांनी दोन-दोन असे वाटून घेतले. २१ सप्टेंबरला ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यात डिझीने प्रतिस्पर्ध्यांना फक्त तीन हिट मिळू दिल्या; दुसऱ्यात पॉलने एकही मिळू दिली नाही. धाकटा असे काही करणार हे आधी कळते तर मीही तेच केले असते, असे डिझी नंतर म्हणाल्याचे सांगतात, आणि त्या बढाईत मला नेहमी थोरल्या भावाचा आनंदच ऐकू आला आहे. पण दोघांचेही वैभव खांद्यात होते. दोन वर्षांत पॉलचा हात गेला. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात एक चेंडू लागून डिझीच्या पायाचे बोट मोडले. ते बरे होण्याआधीच तो खेळायला उतरला, त्या पायाला जपता जपता त्याची फेकण्याची लय बदलली आणि हातही गेला. दोघांचे आयुष्यभराचे विजय मिळून २००. तारुण्याच्या ऐन भरात इतके लखलखणारे घर इतक्या लवकर काळोखात जावे, याचे दुःख त्यांची छायाचित्रे पाहताना आजही होते.

जोची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती फिलच्या गोष्टीहूनही जवळची वाटते. अंगणातला तो चेंडू धाकट्याच्या लहान हातांना नीट धरता यायचा नाही. तो आपली वेगळी वाट धरून निघाला. सरळ वेगवान चेंडू, स्लायडर, चारचौघे टाकतात ते. १९६७ मध्ये शिकागो कब्ज्‌कडून मेजर लीगमध्ये आला, मग सॅन डिएगो, डेट्रॉइट. कुठे फार थांबला नाही, कुठे फार चमकला नाही. घरातले एक मूल बापाचा धंदा उचलते आणि दुसरे पाठ फिरवून जाते, हे तर घरोघरी असते. पाठ फिरवलेल्याला परत यायला मात्र कुणीतरी दार उघडे ठेवावे लागते. १९७३ च्या ऑगस्टमध्ये अटलांटाने जोला घेतले, आणि दोघे भाऊ एका संघात आले. त्या सुमारास, तिशीच्या उंबरठ्यावर, जो बापाच्या नकलबॉलकडे वळला. शेजारी फिल होता. एकाला जे संध्याकाळच्या खेळात मिळाले होते, ते दुसऱ्याला पोटापाण्याच्या निकडीने पुन्हा शिकावे लागले. १९७५ मध्ये अटलांटाने त्याला ह्यूस्टनला विकून टाकले. ह्यूस्टनकडून त्याने १४४ सामने जिंकले, आणि त्या संघाच्या कुठल्याही पिचरने अजून त्याहून अधिक जिंकलेले नाहीत.

मग वेळापत्रक दोघांना समोरासमोर आणू लागले. पिचर दर चारपाच दिवसांनी एकदा खेळतो, त्यामुळे दोन भावांची पाळी एकाच दिवशी, एकाच मैदानावर, विरुद्ध बाजूंना येणे हा योगायोगच; निक्रो बंधूंना तो नऊ वेळा आला. पाच वेळा जो जिंकला, चार वेळा फिल. त्यांतला २९ मे १९७६ चा सामना मला विशेष प्रिय आहे. तेव्हा नॅशनल लीगमध्ये पिचरलाही बॅट घेऊन उभे राहावे लागे. जोने बावीस हंगामांच्या कारकिर्दीत अवघा एक होमरन मारला, आणि तो त्या दिवशी, फिलच्या चेंडूवर. ह्यूस्टनने सामना ४–३ असा जिंकला. म्हणजे तो एक फटका नसता, तर निकाल लागायचाच राहिला असता. साऱ्या जगातले बॅटर ज्या चेंडूपुढे चाचपडत होते, तो कसा वागतो हे लहानपणापासून पाहिलेले एकच माणूस त्या दिवशी समोर बॅट घेऊन उभे होते, असे मला म्हणावेसे वाटते. केवळ दैव म्हणून सोडून द्यायला मन तयार होत नाही.

सगळेच भाऊ असे समोर उभे राहू शकत नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या शामोकिनच्या कोळशाच्या पट्ट्यातून हॅरी आणि स्टॅन कोव्हेलेस्की आले. स्टॅन बाराव्या वर्षापासून खाणीवर कामाला होता, आणि संध्याकाळी टिनाच्या डब्यांवर दगड मारून त्याने नेम साधला. पुढे दोघे अमेरिकन लीगमध्ये वेगवेगळ्या संघांत होते, पण एकमेकांविरुद्ध पिचिंग करायला ते कधी राजी झाले नाहीत. उत्तर कॅरोलिनातल्या तंबाखूच्या शेतातले पेरी बंधू, जिम आणि गेलॉर्ड, तसे एकदाच समोर आले, १९७३ च्या जुलैत. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार दोघांनीही मिळवलेले हे एकच भावंडांचे जोडपे. या सगळ्यांत कोण बरोबर, कोण चूक? कोव्हेलेस्की भावांची माघार मला समजते, आणि जोचा फटकाही समजतो. प्रेमाला दोन्ही रूपे शोभतात.

कधी कधी खेळच भावाला भावाच्या जागी बसवतो. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघात जेफ वीव्हर खेळत होता. त्याला काढले आणि त्याची जागा दिली ती त्याच्या धाकट्या भावाला, जेरेडला. त्या घरी त्या रात्री फोनवर काय बोलणे झाले असेल, कोण जाणे. अभिनंदन आणि सांत्वन एकाच दमात कसे करायचे असते? जेफ सेंट लुईसला गेला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरच्या रात्री वर्ल्ड सिरीजचा निर्णायक सामना त्याने जिंकला. ही तारीख पुढे पुन्हा येणार आहे.

आणि जिथे खेळाच्या वर राजसत्ता बसलेली असते, तिथे भाऊपण गुन्हाही ठरतो. १९९५ मध्ये लिवान हर्नांदेझ क्यूबाच्या संघातून निसटून अमेरिकेला आला, आणि मागे राहिलेल्या सावत्र भावावर, ऑरलांदोवर, क्यूबात खेळायची बंदी आली. एका बापाची ही दोन मुले. १९९७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लिवान सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या डिसेंबरात ऑरलांदो नावेतून समुद्रात उतरला, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क यांकीज्‌च्या विजेत्या संघात होता. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या मानोग्वायाबोच्या मार्तिनेझ भावांत आधी रामोन डॉजर्सकडे गेला, मागून पेद्रो. अंगकाठी लहान म्हणून पेद्रोला त्याच संघाने दुसरीकडे धाडले, आणि पुढे मोठेपण आले ते त्या लहान अंगकाठीच्या धाकट्याच्याच वाट्याला. एकेकाळी बसच्या भाड्याला पैसे नसताना आपण आंब्याच्या झाडाखाली बसलेले असायचो, हे तो प्रसिद्धीच्या शिखरावर असताना सांगत होता. आंब्याचे झाड म्हटल्यावर ते दूरचे बेट मला एकदम ओळखीचे वाटू लागते.

आपल्याकडेही हे घडले आहे, थोडे अबोलपणे. मुंबईचे सुभाष आणि बाळू गुप्ते, दोघेही लेगस्पिनर. सुभाषने ३६ कसोटींत १४९ बळी घेतले. बाळूला कसोटी सामने मिळाले तीन, बळीही तीन. थोरल्याची सावली अशी लांब पडली की धाकट्याने प्रथम श्रेणीत वर्षानुवर्षे टाकलेली उत्तम षटके आज कुणी आठवत नाही. आणि नकलबॉल म्हणाल तर, त्या खाणकामगाराच्या पकडीची दूरची नातेवाईक असलेली पकड २०११ च्या विश्वचषकात श्रीरामपूरच्या झहीर खानच्या बोटांत सापडली होती. जुनी विद्या कुठून कुठे वाहत जाते, पाहा.

पुन्हा अमेरिकेकडे वळतो. १९७९ साली नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक विजय दोघा पिचरांच्या नावावर होते, प्रत्येकी २१, आणि दोघांचे आडनाव निक्रो. फिलचा संघ तळाला होता, त्यामुळे त्याच्या खाती २० पराभवही जमा झाले. जिंकणे आणि हरणे इतके जवळजवळ बरोबरीने वाहून नेणारा तो माणूस मला फार सज्जन वाटतो.

१९८५ च्या शरदात दोघे भाऊ पुन्हा एका संघात आले, यांकीज्‌मध्ये. फिल ४६ वर्षांचा होता, २९९ विजयांवर येऊन अडला होता, आणि एकामागून एक सामने हातचे निसटत होते. त्याच वेळी वडील व्हीलिंगच्या रुग्णालयात गंभीर आजारी होते. हंगामाचा शेवटचा दिवस, ६ ऑक्टोबर, टोरोंटो. त्या दिवशी फिलने एक विलक्षण गोष्ट केली: जवळजवळ संपूर्ण सामना त्याने नकलबॉलच टाकला नाही. ज्या चेंडूने त्याला घडवले तो बाजूला ठेवून त्याने इतर साधे, उसने वाटावेत असे चेंडू टाकले, आणि तरीही टोरोंटोला एकही धाव मिळाली नाही. नवव्या इनिंगमध्ये शेवटचा बॅटर उरला. जो त्या दिवशी संघाच्या पिचिंग कोचचे काम बघत होता. तो माउंडवर आला, दोघे काही क्षण बोलले. मग जेफ बरोजसमोर फिलने वडिलांचा चेंडू काढला, आणि त्यावरच त्याला बाद केले. ८–०, तीनशेवा विजय. यात मला दिसते ती एक प्रकारची अदब. आपण आपल्या बळावर कुठवर येऊ शकतो ते आधी पाहून घ्यायचे, आणि अगदी शेवटची पायरी मात्र ज्याने चालायला शिकवले त्याच्या हाताला धरून चढायची. वडील त्या आजारातून उठले, आणखी काही वर्षे जगले.

त्यानंतरची वर्षे मी भरभर उलटतो. १९८७ मध्ये मिनेसोटाकडून खेळताना जोच्या खिशातून पंचांना नखे घासायची पट्टी सापडली आणि त्याला दहा सामन्यांची बंदी झाली. चेंडू खरवडायला ठेवली होती असा त्यांचा संशय, नकलबॉल टाकणाऱ्याला नखे जपावीच लागतात हे जोचे म्हणणे. खरेखोटे करण्यात मला रस नाही. त्याच वर्षी इतक्या हंगामांच्या वाटचालीनंतर जोला वर्ल्ड सिरीजच्या माउंडवर पाय ठेवता आला. फिलला ते भाग्य कधीच लाभले नाही. फिलला १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. जो २००६ च्या २७ ऑक्टोबरला, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून, टॅम्पामध्ये गेला, वय ६१. जेफ वीव्हरने वर्ल्ड सिरीज जिंकून दिली ती हीच तारीख. फिल त्यानंतर चौदा वर्षे जगला, २०२० च्या डिसेंबरपर्यंत. फिलचे ३१८ आणि जोचे २२१, एकूण ५३९ विजय. पेरी बंधूंच्या ५२९ च्या पुढे, आणि भावांच्या जोडीत अजून सर्वाधिक.

जोचा मुलगा लान्स जन्मला तो १९७९ मध्ये, बाप आणि काका दोघे २१ सामने जिंकले त्याच वर्षी. तो पिचर झालाच नाही. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून काही हंगाम पहिल्या बेसवर खेळला, तिथली कारकीर्द सरली. मग वडील गेल्यानंतर, तिशीच्या आसपास, त्याने काकांच्या जुन्या ब्रेव्हज्‌शी कनिष्ठ संघातल्या खेळाडूचा करार केला आणि नकलबॉल टाकायला सुरुवात केली. सोबतीला वयाने कितीतरी लहान पोरे असणार, ज्यांना या आडनावाचा अर्थ कोणीतरी सांगावा लागला असेल. बापालाही हा चेंडू असाच उशिरा, तिशीच्या तोंडावर हाताला लागला होता, पण तेव्हा शेजारी थोरला भाऊ होता. लान्सला जमले नाही. पिचर म्हणून तो मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही आणि त्याने लवकरच खेळणे थांबवले. आकडेवारीच्या पुस्तकात या प्रयत्नाला एखाद्या ओळीपलीकडे जागा नाही. लान्सिंगच्या त्या अंगणापासून मी इथवर येतो तेव्हा मला मात्र ती ओळ ओलांडून पुढे जाववत नाही.